मालकाचे खांदे

आज दुपारी फोन आला. दरवर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी येतो. पलीकडून तोच खरखरीत आवाज. "साहेब, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." मी दरवर्षीसारखंच "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला.

हा माणूस देवणीच्या बाजूच्या एका गावात सालगडी होता. मी तेव्हा लातूर जिल्ह्यात फौजदार होतो. त्याला मी मालकाच्या खुनाच्या गुन्ह्यात अकरा दिवस आत ठेवलं होतं, आणि खून त्याने केलेला नव्हता. अशा माणसाने मला जेवायला बोलवावं, तेही दरवर्षी, हे माझ्या अजून पचनी पडलेलं नाही. त्यापेक्षा त्याने शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या वर्षी पोळ्याच्या सकाळीच आम्हाला वर्दी मिळाली. गावातल्या जुन्या जहागीरदार घराण्यातला शेवटचा म्हातारा त्याच्या आखाड्यावर मरून पडलाय. आमच्याकडे शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात. म्हातारा तिथेच राहायचा, एकटा. बायको जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. निजामाच्या काळातली जमीन कूळकायद्यात बरीच गेली होती, पण ऐट कुठे गेलेली नव्हती. गाव त्याला तोंडावर मालक म्हणायचं आणि पाठीमागे कुलूप. कारण दिसेल त्याला कुलूप लावायची त्याला सवय होती. विहिरीवर कुलूप, शेतातून जाणाऱ्या गाडीवाटेच्या फाटकावर कुलूप, त्याच्या बापाने बांधलेल्या महादेवाच्या देवळालाही कुलूप. किल्ल्यांचा जुडगा कमरेला. पोरं मागून छनछन असा आवाज काढून पळायची. गावातल्या निम्म्या घरांशी त्याची कोर्टकचेरी चालू होती आणि उरलेल्यांशी अबोला.

मी पोहोचलो तेव्हा म्हातारा गोठ्यापुढच्या ओट्यावर पालथा पडलेला होता. अंगात पांढरा सदरा, डोक्यात मागून घाव. शेजारी खुंटे ठोकायची लाकडी मोगरी. सदऱ्यावर रक्त होतं आणि दोन्ही खांद्यांवर पिवळे डाग. गोठ्यात त्याची देवणी जातीची बैलजोडी उभी होती, शिंगं रंगवलेली, झूल मात्र अजून चढवलेली नव्हती.

गावातली चार माणसं बांधावर उभी होती. एकाच्याही डोळ्यात पाणी नव्हतं. त्यातला वयस्कर होता तो पुढे आला आणि मला हळूच म्हणाला, "साहेब, बैल सोडायचे का?" मला कळेना. मग त्याने सांगितलं. पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पहिली जोडी मालकाची जायची, तो मान. ती गेल्याशिवाय गावाचे बैल हलत नाहीत. गाव सजूनधजून थांबलेलं होतं. "आमी लई येळ थांबून राहिलो साहेब. बैलं उपाशी हायेत." माणूस मेला याचं कुणाला काही नव्हतं, तोरण अडलं याचं होतं. मी सोडा म्हणालो. मला तरी कुठे वाईट वाटत होतं?

ते इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. माझे आजोबा त्याच पट्ट्यातल्या एका गावचे. असल्याच एका जहागीरदाराच्या दारात ते हात जोडून उभे राहायचे, चपला हातात घेऊन. आम्ही छप्पन्न सालानंतर बौद्ध झालो, वडील शिकले, नांदेडला सरकारी नोकरीत आले, मी वर्दी घातली. पण आजोबांच्या हातातल्या त्या चपला माझ्या डोक्यात राहिल्याच होत्या. ओट्यावर पडलेल्या म्हाताऱ्याकडे बघून मला कणव आली नाही. पंचनाम्यात मी लिहिलं, "सदऱ्यावर रक्ताचे व पिवळे डाग." बस. डाग आतून आहेत की बाहेरून, ते पाहिलं नाही. सदरा काढला, घडी घातली, सील केलं. बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं आळशी काम मी कधी केलं नव्हतं.

दहा वाजता पुतण्या आला, लातूरहून, मोटारीने. प्लॉटिंगचा धंदा करणारा, पांढरे बूट घातलेला. तोच एक रडला. रडून झाल्यावर त्याने मला बाजूला घेतलं. "साहेब, काकांच्या खांद्यावरची हळद बघितली ना? काल खांदेमळणी होती. हळदीचे हात काल आखाड्यावर एकाचेच होते."

खांदेमळणी म्हणजे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळतात. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले असतात ना, तिथे. चोळता चोळता बैलाच्या कानात म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. हे काम सालगडी करतो. मालक खुर्ची टाकून बसतो, बैलाला हात लावत नाही. म्हणजे मालकाच्या खांद्यावर हळद आली ती सालगड्याने धरल्यामुळेच. पुढून खांदे धरून ढकलला, आपटला, मग मोगरी. गावातल्या शेंबड्या पोरानेही हाच अर्थ लावला असता, आणि मीही लावला. लग्नातला नवरा सोडला तर आमच्याकडे माणसाच्या खांद्याला कोण कशाला हळद चोळेल?

सालगडी पळालेला नव्हता. त्यानेच सकाळी प्रेत बघून गावाला सांगितलं होतं. मी विचारलं, "मालकाच्या खांद्यावर हळद कुणाच्या हातची?"

"माझ्याच हातची हाय."

"मग मारलं कशाला?"

"मी न्हाई मारलं."

"मग हळद कशी लागली?"

तो गप्प. पुढे अकरा दिवस या एका प्रश्नावर तो गप्प राहिला. दुसऱ्या कुठल्याही प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचा, भाकरी दिली की खायचा, पण हळदीचं विचारलं की मान खाली. मी त्याच्या कानाखाली दोनदा ओढली. हे मी कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही, इथे लिहितो.

आणि एवढ्या जोरात का ओढली? तो आमच्याच समाजाचा होता म्हणून. त्याच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातला जो फोटो आहे तोच माझ्या घरात आहे. पहिल्याच दिवशी गावात कुणीतरी बोललं होतं, "फौजदार त्यांच्यातलाच हाय, सोडतो बघा त्याला." ते माझ्या कानावर आलं होतं. मला दाखवून द्यायचं होतं की मी कुणाचा नाही. दुसऱ्या कुणाला मी एवढ्या घाईने आत टाकलं नसतं.

त्या पहिल्या दिवसाची अजून एक गोष्ट राहिली. शवविच्छेदन होऊन प्रेत दुपारी परत आलं तेव्हा गावात बैलांची मिरवणूक चालली होती. हलगीचा आवाज आखाड्यापर्यंत येत होता. तिरडीला पुतण्या, त्याचा ड्रायव्हर आणि माझा एक शिपाई, असे तिघं झाले. चौथा मिळेना. बांधावरची माणसं कधीच निघून गेली होती. शेवटी मी टोपी काढून शिपायाच्या हातात द्यायला गेलो, तर त्याचेही हात अडकलेले. टोपी मोटारीच्या टपावर ठेवली आणि खांदा दिला. म्हातारा हलका होता. माझ्या आजोबांनी हे पाहिलं असतं तर काय म्हणाले असते, हाच विचार मनात घेऊन मी चाललो. पण लाकडं पेटल्यावर मला एकदम दुसरंच काही वाटलं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही. मला वाटलं, उद्या मी गेलो तर माझ्याकडे तरी चौघं कुठून येणार?

माझी बायको आदल्या वर्षी गेली होती. मुलगी लग्न होऊन दूर. नांदेडचं घर बंद, किल्ली शेजाऱ्यांकडे. लातूरला मी भाड्याच्या खोलीत राहायचो, डबा बाहेरून यायचा. पोलिसाच्या शेजारी कुणी सुखाने राहत नाही. मी जिना चढायला लागलो की वरच्या बिऱ्हाडातलं बोलणं थांबायचं. पंधरा दिवसांतून एखादा रविवार मिळाला की नांदेडला जायचो, घर उघडायचो, खिडक्या उघडायचो, चहा करायचो. दोन कप करायची सवय मोडायला आठ महिने लागले. संध्याकाळी पुन्हा खिडक्या लावून, कुलूप लावून लातूरची गाडी धरायची. ते कुलूप लावताना त्या दिवसांत मला म्हाताऱ्याचा जुडगा आठवायचा आणि माझीच मला चीड यायची.

आठव्या दिवशी मी सालगड्याच्या घराची झडती घ्यायला गेलो. रक्ताचे कपडे सापडतील या आशेने. घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रा. बायको दारात बसली होती. ती रडली नाही, बाजूला झाली. कपडे सापडले नाहीत. फळीवर मात्र जुन्या जर्मनच्या भांड्यांमध्ये एक कोरं स्टीलचं ताट होतं, मोठं, कडेला दुकानाचा कागद तसाच चिकटलेला. मला वाटलं, आखाड्यावरून उचललेलं असणार.

"हे ताट कुठून आणलं?"

"उदगीरहून."

"कशासाठी?"

तिने खाली बघितलं. मग म्हणाली, "मालक जेवायला येणार होते. पोळ्याच्या दिशी. आमच्या घरच्या ताटात कसं वाढावं म्हून आणलं."

मला हसू आलं. "मालक? तुमच्या घरी जेवायला?"

"हाव साहेब. आवतन दिलं होतं ह्यांनी."

मग तिने सगळं सांगितलं, तुकड्या-तुकड्याने, माझ्याकडे न बघता. खांदेमळणीच्या संध्याकाळी नवऱ्याने बैलांचे खांदे मळले. हळद-तूप थोडं उरलं. म्हातारा खुर्चीवर बसून बघत होता. बरेच दिवस त्याचे खांदे धरलेले होते, हात वर जात नव्हता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, सदरा काढून खुर्चीवर टाकला आणि बैलांशेजारी जमिनीवर बसला. म्हणाला, "माझेबी मळ." सालगड्याने मळले. वीस वर्षांत त्याने मालकाला शिवलं नव्हतं. आणि बैलांचं म्हणता म्हणता सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. तो घाबरलाच. वाटलं, आता मालक लाथ घालतो. मालकाने लाथ घातली नाही. मग म्हणाला, "येतो." आणि मग, "गावात कुणाला सांगू नगंस. जहागीरदार बैलासारखा मळून घेतो म्हनतील." सालगड्याने शब्द दिला. घरी येऊन बायकोला तेवढं सांगितलं, कारण स्वयंपाक तिला करायचा होता. ताट आणायला ती लगेच उदगीरला गेली आणि शेवटच्या जीपने परत आली.

"सन-बिन आमी मानत न्हाई साहेब," ती म्हणाली. "पन बैलाचं मानावं लागतं. आन घरी येनाऱ्याचं."

"आणि तुझ्या नवऱ्याने हे मला का नाही सांगितलं?"

"शब्द दिला होता की."

"मालक मेला ना पण!"

"मेला म्हून काय झालं?" असं म्हणून तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

मी परत आलो तो थेट मुद्देमालाच्या खोलीत. सदरा अजून प्रयोगशाळेत गेलेला नव्हता. दोन पंच बोलावले, रीतसर सील उघडलं, सदरा उलटा केला. हळद आतून होती. दोन्ही खांद्यांवर सारखी, मुरलेली. बाहेर जे दिसत होतं ते आतलं तूप झिरपून उमटलेलं. आणि रक्तही आतून होतं. डॉक्टरांच्या अहवालात पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं, रक्ताचा ओघळ मानेवरून पाठीवर. उघड्या पाठीवर. मी ती ओळ वाचून पुढे गेलो होतो. म्हातारा उघडा बसलेला असताना त्याच्यावर घाव पडला, आणि सदरा नंतर कुणीतरी चढवला. बटणं लावली.

मेलेल्या माणसाला सदरा कोण घालतं? त्याचा राग असणारं गाव घालणार नाही. सालगड्याने तर त्याला उघडाच सोडला होता. ज्याला लाज वाटली त्यानेच घातला, आणि अख्ख्या मुलुखात त्या म्हाताऱ्याची लाज वाटण्यासारखं नातं एकाचंच होतं.

पुतण्याला मी लातूरच्या कचेरीत बोलावून घेतलं. मोबाइलचं टॉवर वगैरे नंतर जमवलं. त्या दिवशी मी सदरा टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, "घातला कशाला?"

तो सदऱ्याकडेच बघून बोलला. "मी गेलो तर काका जमिनीवर उघडे बसले होते, बैलांच्यात, हळद फासून. रस्त्यालगतच्या तुकड्याचं बोलायला गेलो होतो. म्हणाले, मी उद्या गड्याकडे जेवायला चाललोय, जमीन पण त्यालाच देतो, तू फूट. माझं डोकं फिरलं." मग म्हणाला, "पण गावाने असं उघडं बघायला नको होतं, साहेब. आमच्या घरातला माणूस आहे."

जमिनीचं म्हातारा खरंच बोलला की पुतण्याला चिडवायला बोलला, ते कुणालाच कळणार नाही. पुतण्याला पुढे जन्मठेप झाली.

अकराव्या दिवशी कोर्टात अहवाल देऊन सालगड्याला सोडलं. मी त्याला समोरच्या टपरीवर नेला, चहा सांगितला. मला माफी मागायची होती. खोलीवर आरशासमोर उभा राहून म्हणूनही पाहिलं होतं. पण तोंड उघडेना. तो बशीत चहा ओतून पीत होता. मी त्याला बायकोने सगळं सांगितल्याचं बोललो, तर त्याचा चेहरा पडला, शब्द मोडल्यासारखा. मग त्याने एकच गोष्ट विचारली. कोठडीचं नाही, कानाखालचं नाही.

"साहेब, तुमी एवढा तपास केला. मालक खरंच आले असते का हो जेवायला? का उगी म्हनले?"

मी ठाऊक नाही म्हणून हात झटकणार होतो. माझं काम खून कुणी केला हे शोधायचं, मेलेला माणूस उद्या काय करणार होता हे नव्हे. पण पंचनामा मी स्वतः लिहिलेला होता आणि तो अकरा दिवसांत मला पाठ झाला होता. घटनास्थळी मिळालेल्या वस्तू, अनुक्रमांक नऊ. खाटेवर कागदी पिशवीत हिरवा खण एक, नारळ एक. लिहिताना मला वाटलं होतं, देवळासाठी असेल. देवळाला तर त्याने कुलूप लावलेलं होतं. वीस वर्षं ज्याच्या घरात बाईमाणूस नाही असा म्हातारा खण कुणासाठी आणतो? जिथे जेवायला जायचं तिथल्या घरच्या बाईसाठी. त्या संध्याकाळी, पुतण्या येण्याआधी, तो तसाच हळदीचे खांदे घेऊन, अंगावर उपरणं टाकून गावातल्या दुकानात गेला होता. दुकानदाराला मी नंतर विचारलं. तो म्हणाला, "मालक अन् खण? मला वाटलं डोकं फिरलं म्हाताऱ्याचं." इतके दिवस त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

"आले असते," मी म्हणालो. "तुझ्या बायकोसाठी खण-नारळ आणून ठेवला होता."

सालगडी बशी खाली ठेवून रडायला लागला. अकरा दिवसांत रडला नव्हता. टपरीवरचे लोक माझ्याकडे बघायला लागले, पोलिसाने कुणाला तरी रडवलं म्हणून. मी उठून पैसे दिले आणि निघून आलो. माफी राहिली ती राहिलीच.

पुढच्या वर्षापासून त्याचा फोन सुरू झाला. नंबर कुठून मिळवला देव जाणे. पहिल्या वर्षी बंदोबस्त होता, खरंच होता. दुसऱ्या वर्षी मी बंदोबस्त आहे असं सांगितलं. मग निवृत्त झालो, नांदेडला आलो, मग तब्येतीची कारणं. सहा पोळे झाले. खरं कारण हे की त्या घरात जाऊन, त्या कोऱ्या ताटात, जे दुसऱ्या कुणासाठी आणलेलं होतं, जेवायची मला लाज वाटते.

या उन्हाळ्यात माझा उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जात नाही, सदरा घालायला पाच मिनिटं लागतात. डॉक्टरांनी तेल लिहून दिलं आणि विचारलं, "घरी कुणी चोळून द्यायला आहे ना?" मी आहे म्हणालो. डाव्या हाताने जेवढं पोचतं तेवढं चोळतो. शेजाऱ्यांशी बोलणं नमस्कारापुरतं. मुलगी रविवारी फोन करते. फार एकटं वाटतं, हे लिहायलाही मला साठी ओलांडावी लागली.

तर आज दुपारी "बघतो" म्हणून मी फोन ठेवला आणि तासाभराने चप्पल घालून बाजारात गेलो. चौकात मातीच्या बैलजोड्या मांडलेल्या होत्या, लोक घासाघीस करत होते. कापडाच्या दुकानात पोराने विचारलं, "कुणासाठी काका?" मी हिरवा दाखव म्हणालो.

खण आणि नारळ आता खाटेवर ठेवलेत. उदगीरची गाडी सकाळी साडेसहाला आहे. तिथून देवणीला जीप मिळते. दाराला आतून कडी लावली आहे, दोनदा उठून बघितली. भीती चोराची नाही. उद्या दुपारपर्यंत मला काही व्हायला नको, एवढंच.